दातांनी ऐकलेली रेकॉर्ड

आमच्या घरात एक खोटं होतं आणि ते आम्ही तिघं मिळून सांभाळत होतो. बाबांना चांगलं ऐकू येतं, हे ते खोटं.

बाबा करी रोडच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एका छपराखाली धडधडत असायचे आणि बाबांनी त्यात बावीस वर्षं काढली होती. तिथं कुणी बोंब मारली तरी शेजारच्याच्या कानात शिरत नाही, म्हणून साचेवाले आवाज काढण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. पाणी, बिडी, जॉबरला, म्हणजे लाइनीच्या मुकादमाला, शिव्या, सगळं बिनआवाजी. बाबांचे कान कधी गेले हे आम्हाला कळलं नाही ते त्यामुळेच. ते आमचे ओठ वाचत होते आणि आम्ही समजत होतो, ऐकतायत.

कळलं तेव्हा आईनं मला समोर बसवलं. मग तिनं कायदे केले. बाबांशी बोलायचं ते समोर उभं राहून, तोंडावर उजेड घेऊन. मागून कुणी हाक मारली तर आपण आधी वळायचं, म्हणजे बाबाही वळतील. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे चाळीत कुणालाही कळता कामा नये. कारण त्याच्या वर्षभर आधी त्यांच्याच खात्यातल्या एका साचेवाल्याला मागून मारलेली हाक ऐकू आली नव्हती आणि त्याची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून साहेबाचा हुकूम होता, कानानं अधू माणूस साच्यावर नको. अशी माणसं हुडकायचं काम जॉबरचं, आणि बाबांच्या लाइनीचा जॉबर आमच्या लालबागच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, तीन खोल्या सोडून राहत होता.

बाबांना मात्र आपण बहिरे आहोत हे मुळीच मान्य नव्हतं. "माका सगळा ऐकाक येता," असं ते आम्हालाही सांगत. आम्हीही हो म्हणायचो.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचो. लाल कोट घालून नवरदेवाच्या घोड्यापुढे सिनेमातल्या चाली फुंकत चालायचं, हा माझा कलाव्यवहार. पण धोबीतलावला एका कुडीत, म्हणजे गोव्याहून आलेल्या लोकांच्या वसतिगृहात, एक म्हातारे मास्तर राहत. त्यांनी मला नोटेशन वाचायला शिकवलं होतं. त्यांची स्वतःची पाच जणांची मंडळी होती. पाचही जण फुंकणारेच: बासरी, ओबो, क्लॅरोनेट, बॅसून आणि हॉर्न. फोर्टातल्या शौकीन लोकांपुढे, खुर्च्यांवर बसून, ही मंडळी विलायती संगीत वाजवायची. त्यांचा क्लॅरोनेटवाला आफ्रिकेला निघून गेला आणि मास्तरांनी मला विचारलं, बसशील का. दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी परीक्षा. वाजवायचं होतं ते कुणा फ्रेंच माणसानं रचलेलं होतं.

मास्तरांनी कागद दिले आणि वर एक रेकॉर्डही दिली. म्हणाले, "नोटेशन तू वाचशील रे. पण हसायचं कुठं, ते कागदावर लिहिलेलं नसतं."

आमच्याकडे चावीचा एक जुना फोनो होता, लाकडी पेटीचा. त्यावर ती रेकॉर्ड पहिल्यांदा लावली आणि मला राग आला, खरंच सांगतो. बाहेर सगळ्या मुंबईचं डोकं फिरलेलं. भिंती 'झालाच पाहिजे'नं रंगलेल्या, रोज सभा, रोज मोर्चे, आमच्या नाक्यावर पोलिसांच्या गाड्या. आणि या पेटीत पाच माणसं खिदळत होती. बासरी एक वाक्य बोलायला घ्यायची की ओबो नाकातून तिची नक्कल करायचा. क्लॅरोनेट मध्येच तोंड घालून पळून जायचं. मग बॅसून, हे सगळ्यात जाडं वाद्य, घसा खाकरून काहीतरी शहाणपणाचं सांगायला लागायचा आणि त्याचं कुणी ऐकायचंच नाही. दुःख औषधालाही नाही. मला वाटलं, या फ्रेंच माणसाला कामधंदा नव्हता बहुतेक.

पण चौथ्या-पाचव्या वेळी मी स्वतःशी हसताना सापडलो. हा खेळ दिसतो तितका पोरकट नव्हता. पाचही जण एकमेकांची टर उडवत होते, पण कुणी कुणाचा श्वास तोडत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी नेमकी जागा सोडत होता. आम्ही बँडवाले एकमेकांच्या उरावर बसून वाजवायचो. असं हलक्या पावलांनी वाजवायला किती दम लागतो, हे मला फुंकायला गेल्यावर कळलं.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एक जागा होती, तिथं मी दर वेळी चुकायचो. ओबो भरभर खाली उतरतो आणि क्लॅरोनेटनं त्याला झेलायचं. कागदावर बघून मी बरोबर मोजायचो, तरी माझं पाऊल मागे पडायचं. एका संध्याकाळी बाबा माझी ही धडपड बघत बसले होते. मग उठले, फोनोजवळ उकिडवे बसले आणि पेटीच्या कडेला चक्क दात टेकवले. डोळे मिटले. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

रेकॉर्ड संपेपर्यंत ते तसेच होते. मधेच त्यांचे खांदे हलले. नेमके त्या ठिकाणी, जिथं बॅसूनचं शहाणपण वाया जातं. बाबा हसत होते. त्या पेटीतलं हसू लाकडातून, दातांतून त्यांच्यापर्यंत पोचत होतं. मग त्यांनी मला सांगितलं की माझ्या त्या जागी एक ठोका कमी आहे. सगळीकडे धोटा चार वेळा जातो, तिथं तीनदाच गेला. धोटा म्हणजे साच्यात सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. मी कागद पाहिला. खरंच त्या एका मात्रेची खोडी त्या फ्रेंच माणसानं करून ठेवली होती आणि मी ती वाचूनही माझे कान ती खात होते. बावीस वर्षं ठोके मोजणाऱ्या माणसाला ती दातांनी कळली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी ते कुणाला सांगू शकत नव्हतो, याचंच दुःख झालं.

त्यानंतर आम्ही दोघं रोज ऐकायचो. मी कानांनी, ते दातांनी.

आणि मग गोळीबार झाला. आमच्या शेजारच्या खोलीतला मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मोर्च्याला गेला होता. अश्रुधुरासाठी ओला रुमाल खिशात घालून गेला, मी त्याला नळावर तो रुमाल भिजवताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला इस्पितळातून गुंडाळून आणला. त्याचे वडील, आमचे शेजारचे काका, बाबांच्याच खात्यात, बाबांच्या शेजारच्या साच्यांवर होते. त्यांचा हा एकुलता एक मुलगा.

त्या दिवशी आमच्या मजल्यावर चूल पेटली नाही. दहावं होईस्तोवर कुणी रेडिओ लावायचा नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. गिरण्या बंद, रस्त्यावर संचारबंदी, पुरुष माणसं दिवसभर गॅलरीत भिंतीला टेकून बसलेली. पोरंसुद्धा कुजबुजत होती. बायका पाळीपाळीनं शेजारच्या खोलीत जाऊन त्या आईजवळ बसायच्या. काका बोलत नव्हते, रडतही नव्हते.

आणि मला शुक्रवार दिसत होता. लाज वाटते, पण लिहितो. शेजारी मुलगा गेलेला आणि माझ्या डोक्यात ओबो उतरत होता. क्लॅरोनेट फुंकायचा प्रश्नच नव्हता. पण निदान एकदा, हळू आवाजात ऐकलं तर? त्या जागेचा ठोका अजून माझ्या अंगात बसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी पेज घेऊन गेली होती. मी फोनो दारापासून लांब, भिंतीच्या फळीवर चढवला, पेटीच्या तोंडात लुगड्याचा बोळा कोंबला, वरून गोधडी घातली. बाबा बघत होते. त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांनाही ते ऐकायचं होतं, असं मला आजही वाटतं. त्या तीन दिवसांत घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

मग मी ती गोष्ट केली. बाबांना म्हटलं, तुम्ही बाहेर गॅलरीत उभे राहा आणि आवाज येतो का ते सांगा.

वाचणाऱ्याला वाटेल, हा मुलगा मूर्ख होता. होतोच. पण आम्ही दोन वर्षं ते नाटक इतकं मन लावून केलं होतं की त्या घाईत मीच त्याला फसलो. घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगून मोकळा झालो.

बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. मी सुई ठेवली. उघड्या दारातून ते मला दिसत होते. त्यांनी मान जरा कलती केली, ऐकणारा माणूस करतो तशी. मग माझ्याकडे बघून हात हलवला, वाजव. भिंतीला टेकलेली माणसं एकेक करून मान वर करू लागली ते मला दिसलं नाही. बाबांना दिसलं असेल, पण त्यांना वाटलं असेल की हे आपल्याकडे का बघतायत. ते दारात आले आणि म्हणाले, "भायर कायेक येणा नाय. खुशाल वाजव."

मी रेकॉर्डची ती अख्खी बाजू ऐकली. क्लॅरोनेट हातात धरून, न फुंकता, नुसती बोटं फिरवत. ओबो उतरला, एक ठोका गळाला आणि माझी बोटं पहिल्यांदा वेळेवर पडली. त्या क्षणी मी आनंदात होतो.

दारात अंधार झाला. आई होती. तिनं येऊन सुई उचलली, ती रेकॉर्डवर खरवडली. अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "फळीतून सगळं पलीकडे येतंय. त्या माउलीच्या डोक्याशी."

फळी लाकडी पार्टिशनला ठोकलेली होती आणि पार्टिशनच्या पलीकडे ते घर. गोधडीनं हवेतला आवाज थोडाफार अडतो, लाकडातला अडत नाही. हे दुसऱ्या कुणाला नाही तरी आम्हाला माहीत असायला हवं होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा गॅलरीतली सगळी माणसं उभी होती. पुढे जॉबर. तो शांतपणे म्हणाला की शेजारी पोराला अग्नी देऊन तीन दिवस झाले नाहीत आणि तुमच्याकडे वरात लागलीय काय? बाबांनी त्याचे ओठ वाचले आणि प्रामाणिकपणे चक्रावले. "आवाज खयचो?" ते म्हणाले. "मी हयच उभो होतंय. कायेक आवाज नव्हतो."

ते प्रत्येकानं ऐकलं. ज्यांनी बाबांना तिथं उभं राहून हात हलवताना पाहिलं होतं, त्यांनीही ऐकलं. एक जण कठड्यावरून खाली थुंकला. चूक माझी आहे, मी लावली, असं मी सांगायला लागलो, पण जॉबरनं हातानंच मला गप्प केलं. तो बाबांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग होता तो कमी झाला आणि दुसरंच काहीतरी आलं. मांजराला वास लागावा तसं.

तेवढ्यात शेजारच्या दारात काका येऊन उभे राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा. चौकटीला धरून उभे होते. सगळे बाजूला सरले.

जॉबरनं खांद्यावरचा पंचा घेतला, कपाळ पुसलं, गाल पुसले आणि पंचा तोंडावर तसाच धरून ठेवला. ओठ झाकले की काय होतं, हे साचेखात्यातल्या माणसाला बरोबर कळतं. पंच्याआडून त्यानं विचारलं, "याचं पोर गेलं, त्याचं तुला काही वाटतं की नाही?"

बाबांनी पंच्याकडे बघितलं. मग जॉबरच्या डोळ्यांकडे. मग माझ्याकडे, मदतीसाठी. मी हळूच मान हलवली. मला सांगायचं होतं, बोलू नका, हा सापळा आहे. बाबांना ते उत्तर वाटलं.

"नाय," ते मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती लागलाय हे कळत नाही. "अजिबात नाय."

काकांनी बाबांकडे पाहिलं. ते बघणं मी विसरू शकत नाही. आणि बाबा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते, आपण बरोबर बोललो ना, अशा चेहऱ्यानं.

तेव्हा मी बोललो. "त्यांना ऐकू येत नाही. ठार बहिरे आहेत ते. दोन वर्षं झाली."

जॉबरनं पंचा खाली घेतला. माझ्या त्या वाक्याचं काय होणार हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तसंच झालं. त्याच महिन्यात बाबांचे साचे गेले. फोर्टातल्या त्या मंडळीतली जागा मला मिळाली. पुढे मी तसलं हसरं संगीत कितीतरी सभागृहांत वाजवलं, लोक म्हणत, तुमच्या वाजवण्यात काय मजा आहे हो. बाबांना मी लोकांसमोर उघडं पाडलं, ते वाक्य मी बोललो, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तरी बोलेन. कारण त्या दिवशी साच्यांपेक्षा मोठं काहीतरी बाबांच्या हातून जात होतं आणि ते जातंय हेही त्यांना माहीत नव्हतं.

बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी त्यांच्याकडे पाठ करून बोललो होतो, मुद्दाम. त्यांनी विचारलं, काय सांगितलंस तू यांना? मी वळलो आणि आवाज न काढता ओठांनी सांगितलं की तुम्हाला ऐकू येत नाही, असं सांगितलं.

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी हात झटकला. "ता आसांदे," ते म्हणाले. "तेणा माका काय इचारल्यान, ता सांग."

मला सांगवेना. आई पुढे झाली, पण तिलाही सांगवेना. शेवटी मीच सांगितलं. एकेक शब्द, ओठ नीट हलवून, जॉबरनं विचारलेला तो प्रश्न. बाबांनी माझं तोंड शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी आपण दिलेलं उत्तर आठवलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

ते जॉबरच्या बाजूनं, सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि शेजारच्या दारात, काकांच्या समोर उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. आवाज आला नाही. मान हलत होती, त्यावरून कळत होतं की ते बोलतायत, साचेखात्यात बोलतात तसं. काय बोलले ते मला दिसलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. बराच वेळ बोलत होते. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मग काकांचे ओठ हलले. ते मात्र मला समोरून दिसत होते, आणि बाबांमुळे मलाही वाचता येत होतं. "तुझे कान गेले ता माका पयल्यापासून ठाऊक आसा," ते म्हणाले. "जॉबर मागसून इलो की मी तुका हात कित्याक लावी होतंय?"

एवढं बोलून ते दारातून बाजूला सरले आणि बाबा आत गेले.